लाल बटण आहे, पण जिवंत आहे का? प्रवासी गाड्यांतल्या आपत्कालीन बटणाला लागलेला ‘जोड मारण्याचा’ रोग

पुरुषोत्तमनगर (ता. शहादा) : टॅक्सी, क्रूझर, मिनीबस अशा गाडीत बसलात की एकदा आजूबाजूला नीट बघा. खिडकीच्या वर, दरवाज्याच्या खांबावर किंवा सीटच्या मागे एक लाल बटण दिसेल. त्यावर ‘एसओएस’, ‘इमर्जन्सी’ नाहीतर ‘पॅनिक’ असं लिहिलेलं असतं. कुठे त्यावर धूळ बसलेली असते, कुठे त्याला कुणीतरी पिशवी अडकवलेली असते. बहुतेक प्रवाशांना ते कशासाठी आहे हे कुणी सांगितलेलं नसतं. पण एखादी मुलगी संध्याकाळी क्लासवरून एकटी परत येत असेल, गाडीतले बाकीचे प्रवासी उतरून गेले असतील आणि चालकाने रस्ता बदलला असेल, तर तिच्या हाताशी असलेली सरकारी मदत म्हणजे तेच बटण. ते दाबल्यावर पुढे काही झालंच नाही तर?

हा प्रश्न भीती घालण्यासाठी विचारलेला नाही. त्या बटणाची तार कुठून कुठे जाते, ते नेमकं कुठे बिघडतं आणि बिघाड कसा ओळखायचा, हे गाडीमालक, चालक आणि प्रवासी या तिघांनाही समजलं पाहिजे. त्यातला एक बिघाड तर असा आहे की गाडीतला डबा ‘सगळं ठीक आहे’ म्हणत राहतो आणि बटण मात्र मेलेलं असतं. तो बिघाड बहुतेक वेळा माणसाच्या हाताने होतो. म्हणून त्याबद्दल सविस्तर.

हे बटण आलं कुठून?

१६ डिसेंबर २०१२ रोजी दिल्लीत धावत्या खासगी बसमध्ये एका तरुणीवर सामूहिक अत्याचार झाला. देश हादरला. २०१३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १,००० कोटी रुपयांचा ‘निर्भया निधी’ जाहीर झाला. पुढे डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीतच ॲपवरून बोलावलेल्या टॅक्सीत तसाच प्रकार घडला. प्रवासी गाडी कुठे आहे हे बाहेर कळलं पाहिजे आणि प्रवाशाला आतून मदत मागता आली पाहिजे, ही मागणी जोरात आली.

२८ नोव्हेंबर २०१६ रोजी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘१२५ एच’ हा नियम घातला. सार्वजनिक सेवेच्या प्रवासी वाहनांना ठिकाण सांगणारं यंत्र आणि आपत्कालीन बटण बंधनकारक झालं. मुदत एप्रिल २०१८ ची होती, ती पुढे ढकलली आणि शेवटी १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या वाहनांना ते लागू झालं. जुन्या वाहनांचं काय करायचं ते राज्यांवर सोडलं. यंत्र कसं असावं याचं जे मानक आहे त्याला ‘एआयएस १४०’ म्हणतात. आरटीओत पासिंगच्या वेळी ‘एआयएस बसवलंय का?’ असं विचारतात ते हेच.

या नियमातून दुचाकी, ई-रिक्षा आणि तीनचाकी वाहनं वगळलेली आहेत. म्हणजे पुरुषोत्तमनगरहून शहाद्याला जाणाऱ्या रिक्षात हे बटण शोधू नका. मालवाहू पिकअप तर प्रवासी वाहनच नाही, त्यामुळे तिथेही नाही. आपल्याकडे लग्नाला, यात्रेला, कामाला माणसं कशात बसून जातात ते वेगळं सांगायला नको. तेव्हा पहिली गोष्ट ही की आपण ज्यातून फिरतो त्यातल्या बऱ्याच गाड्या या सुरक्षेच्या बाहेर आहेत. ज्या थोड्या गाड्यांत बटण आहे, तिथे ते चालू असणं म्हणूनच जास्त महत्त्वाचं.

२५ फेब्रुवारी २०२५ रोजी पुण्याच्या स्वारगेट स्थानकात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये तरुणीवर अत्याचार झाला. त्यानंतर बसमधल्या सीसीटीव्ही, जीपीएस आणि पॅनिक बटणाची चर्चा राज्यात पुन्हा पेटली. बटण बसवा अशी मागणी झाली, आणि ती योग्यच आहे. पण बसवलेलं बटण दर महिन्याला तपासा, ही मागणी फारशी ऐकू येत नाही.

बटणापासून पोलिसापर्यंत सहा कड्या

बटण म्हणजे साखळीचं एक टोक. ते दाबल्यावर पुढे काय होतं ते पाहू.

पहिली कडी बटण. दुसरी त्यापासून डॅशबोर्डमागच्या डब्यापर्यंत गेलेली तार. तिसरी कडी तो डबा. त्याला गाडीच्या बॅटरीतून वीज मिळते आणि आत स्वतःची छोटी बॅटरीही असते. मानकाप्रमाणे गाडीची वीज तुटली तरी त्या छोट्या बॅटरीवर डबा चार तास चालला पाहिजे. चौथी कडी डब्यातलं सिम आणि मोबाईलचा टॉवर. पाचवी कडी जिथे हा संदेश पोहोचतो तो सर्व्हर. सहावी आणि शेवटची कडी म्हणजे तो संदेश पाहून उठणारा माणूस, म्हणजे नियंत्रण कक्षातला कर्मचारी आणि त्याने पाठवलेली पोलिसांची गाडी.

यात बोलणं नसतं. बटण दाबलं की गाडीचा नंबर आणि जागा आपोआप जाते. आपल्या भागात याला फार किंमत आहे. धडगाव, मोलगीकडची पावरी किंवा भिली बोलणारी बाई घाबरलेल्या अवस्थेत फोनवर मराठीत किंवा हिंदीत पत्ता सांगू शकेलच असं नाही. शेजारी बसलेल्या माणसाला कळू न देता मदत मागायची असेल तर बोलताही येत नाही. तिथे हे मुकं बटणच कामाचं.

पण सहापैकी एक कडी तुटली की बाकीच्या पाच फुकट. आणि कागदावर ‘यंत्र बसवले आहे’ एवढंच लिहिलेलं असतं.

आता असली रोग समजून घ्या

घरातली बेल आठवा. बेलचं बटण दाबलं की दोन तारा जोडल्या जातात, वीज वाहते, बेल वाजते. गाडीतलं आपत्कालीन बटण याच्या बरोबर उलट असतं. मानकाने ते ‘नॉर्मली क्लोज्ड’ प्रकारचं ठरवलंय. म्हणजे एरवी दोन तारा जोडलेल्याच असतात आणि बारीक करंट सतत फिरत असतो. बटण दाबलं की जोड सुटतो, करंट थांबतो. करंट थांबला की डबा समजतो, कुणीतरी संकटात आहे.

असं उलटं का केलं? कारण सोपं आहे. बेलसारखं बटण असतं तर कुणी तार कापली तरी डब्याला पत्ता लागला नसता. उलट्या पद्धतीत बटण दाबा किंवा तार कापा, दोन्ही वेळी करंट तुटतो आणि डब्याला कळतं. वाईट हेतूच्या माणसाने तार तोडली तर ती तोडणंच ओरडून सांगतं. विचार चांगला आहे.

पण आपल्या रस्त्यांवर याचं काय होतं बघा. काळ्या मातीची धूळ आणि पावसाळ्यातला ओलावा यामुळे बटणाच्या आत गंज धरतो. खड्ड्यांच्या हादऱ्याने तारेचा कनेक्टर सैल होतो. सर्व्हिसिंगला प्रेशर पंपाने गाडी धुताना पाणी आत जातं. रात्री शेतात किंवा खळ्यावर उभ्या गाडीत उंदीर तार कुरतडतात. काही बटणं दाबली की आतच अडकतात, ती फिरवून सोडावी लागतात, ते कुणाला माहीत नसतं. यातलं काहीही झालं की करंट तुटतो आणि डबा कारण नसताना संकटाचा संदेश पाठवायला लागतो. मोठ्या गाडीत बटणं सहसा एकामागोमाग एकाच फेऱ्यात जोडलेली असतात. त्यामुळे एक बटण खराब झालं तरी सगळ्या गाडीची बोंब.

मग चालकाला फोन येतात. मालक वैतागतो. गाडी रस्त्यावरच्या इलेक्ट्रिशियनकडे जाते. त्याच्याकडे नवीन बटण नसतं, वेळही नसतो. तो डब्याजवळच बटणाच्या दोन तारा सोलतो, एकमेकींना पिळतो आणि वरून टेप गुंडाळतो. जोड मारला! करंट कायमचा चालू. डबा शांत. फोन बंद. सगळे खुश.

पण त्या क्षणापासून गाडीतलं एकही बटण कामाचं उरलं नाही. कितीही जोरात दाबा, डब्याला कळणारच नाही, कारण करंट बटणापर्यंत न जाता आधीच मागे फिरतो. आणि सर्व्हरवर ही गाडी सर्वात निरोगी दिसते. ना तक्रार, ना अलर्ट. खोटी ओरड करणाऱ्या गाडीकडे निदान कुणाचं तरी लक्ष जातं. जोड मारलेल्या गाडीकडे कुणीच बघत नाही.

यात इलेक्ट्रिशियनलाही सगळा दोष देऊन भागणार नाही. त्याला ‘आवाज बंद कर’ एवढंच सांगितलेलं असतं. ते बटण कसं चालतं हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. काम करायला लावणाऱ्या मालकाने ‘बंद कर’ ऐवजी ‘दुरुस्त कर’ म्हटलं पाहिजे.

बिघाड कसा शोधायचा? पायरीने जा

खाली दिलेली तपासणी कोणत्याही गॅरेजमध्ये शे-दोनशे रुपयांच्या साध्या मल्टिमीटरवर होते. तारांचे रंग कंपनीप्रमाणे बदलतात, म्हणून डब्यासोबत आलेला कागद समोर ठेवा. कागद हरवला असेल तर डबा बसवणाऱ्या डीलरकडून व्हॉट्सॲपवर मागवून घ्या.

१) आधी डब्यावरचे दिवे बघा. बहुतेक डब्यांवर वीज, जीपीएस आणि मोबाईल नेटवर्क यांचे वेगवेगळे छोटे दिवे असतात. एकही दिवा लागत नसेल तर बटणाला हात लावू नका, दोष विजेत आहे. वीज आहे पण नेटवर्कचा दिवा नाही, तर दोष सिमकडे. दोन मिनिटांत अर्धी शोधाशोध वाचते.

२) वीज मोजा. डब्याला साधारण तीन तारा वीज आणतात : एक बॅटरीवरून थेट, एक चावी लावल्यावर चालू होणारी आणि एक अर्थ. चावी बंद असतानाही पहिल्या तारेवर वीज असायला हवी. १२ व्होल्टच्या गाडीत इंजिन बंद असताना साडेबाराच्या आसपास आकडा यावा. मोठ्या बसमध्ये याच्या दुप्पट. आकडा शून्य असेल तर फ्यूज बघा. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. त्याजागी तारेचा तुकडा किंवा सिगारेटची चांदी घालू नका, गाडी पेटू शकते.

३) अर्थ तपासा. आपल्याकडे सर्वात जास्त फसवणारा दोष हाच. रंग लावलेल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर अर्थचा स्क्रू आवळलेला असतो. डबा कधी चालू, कधी बंद. यंत्र चालू असताना मीटरचं एक टोक डब्याच्या अर्थला आणि दुसरं बॅटरीच्या मायनसला लावा. आकडा जवळजवळ शून्य हवा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर स्क्रू काढा, पत्रा घासून साफ करा, पुन्हा आवळा.

४) आता बटण. बटणाचा कनेक्टर डब्यापासून सोडवा. मीटर ‘बीप’ वाजणाऱ्या खुणेवर ठेवा आणि बटणाकडून आलेल्या दोन तारांना लावा. बटण न दाबता बीप वाजला पाहिजे. दाबल्यावर बीप थांबला पाहिजे. दाबलं तरी बीप चालूच राहिला, तर कुठेतरी तारा चिकटल्यात किंवा जोड मारलाय. दाबा न दाबा, बीप वाजतच नाही, तर तार तुटलीय किंवा बटण अडकलंय. एकापेक्षा जास्त बटणं असतील तर प्रत्येक बटण स्वतंत्र दाबून बघा. एक चाललं म्हणून बाकीची चालतील असं समजू नका.

५) डब्याजवळची टेप उघडून बघा. काळ्या टेपचा जाड गोळा दिसला तर संशय घ्या. कनेक्टर सोडवून केलेल्या चाचणीत बटण पास होईल, पण जोड डब्याच्या बाजूला मारलेला असेल तर तो सुटून जाईल. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर ही पायरी अजिबात चुकवू नका.

६) नंतर जोडलेली उपकरणं आठवा. जादा हॉर्न, एलईडी पट्टी, म्युझिकचा ॲम्प्लिफायर. यांची वीज बऱ्याचदा जवळ सापडेल त्या तारेतून ओढलेली असते. ती डब्याची तार निघाली तर जोरात गाणी लावल्यावर डबा बंद पडतो. तसंच काही चालक रात्री बॅटरी उतरू नये म्हणून मेन स्विच पाडतात. चार तासांनंतर आतली छोटी बॅटरी संपते आणि उभ्या गाडीतलं बटण मरतं. छोटी बॅटरी जुनी झाली असेल तर चार तासही टिकत नाही.

७) शेवटी खरी चाचणी. डबा बसवणाऱ्या डीलरला फोन लावा, तारीख-वेळ ठरवा आणि त्याने स्क्रीनसमोर बसल्यावर बटण दाबा. त्याच्या स्क्रीनवर गाडीचा नंबर, योग्य जागा आणि आपत्कालीन संदेश, तिन्ही दिसले तर बटणापासून सर्व्हरपर्यंतची साखळी पूर्ण. त्याचा स्क्रीनशॉट मागून घ्या. चाचणीच्या वेळी पोलिसांचा किंवा नियंत्रण कक्षाचा फोन आला तर तो उचला आणि ‘तपासणी चालू आहे’ असं स्पष्ट सांगा. संपल्यावर बटण मूळ जागी आलंय याची खात्री करा.

तार बरोबर, तरी संदेश जात नाही?

मग दोष हवेत आहे. पहिलं बघा सिमची मुदत. डब्यातलं सिम आतच बसवलेलं असतं आणि त्याची सेवा ठरावीक काळापुरती विकत घेतलेली असते. मुदत संपली की दिवे लागतात, बटण दाबलं जातं, पण संदेश गाडीबाहेर पडत नाही. पासिंगपुरतं रिचार्ज करायचं आणि मग विसरून जायचं, ही सवय जिवाशी खेळ आहे.

दुसरं, टॉवरचा प्रकार. काही जुने डबे फक्त टूजीवर चालतात. जिओचं जाळं टूजी नाहीच. ज्या गावात फक्त फोरजीचा टॉवर आहे तिथे तुमच्या मोबाईलला पूर्ण दांड्या दिसतील आणि जुन्या डब्याला शून्य. युरोपात या प्रश्नाने मोठं रूप घेतलंय. तिथे ३१ मार्च २०१८ पासून मंजुरी घेणाऱ्या नव्या मॉडेलच्या कारना अपघात होताच आपोआप ११२ ला कॉल करणारी यंत्रणा सक्तीची आहे. ती जुन्या टूजी-थ्रीजी जाळ्यावर उभारली आणि आता ती जाळीच बंद होत चालली आहेत. म्हणून नवीन डबा घेताना ‘फोरजी आहे का?’ हा प्रश्न आधी विचारा, किंमत नंतर.

तिसरं, सातपुडा. तोरणमाळ, चांदसैली, देवगोईच्या घाटांत गाड्या दरीत गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. नेमकी तिथेच रेंज सुटते. डेटा नसेल तर संदेश एसएमएसने पाठवायची सोय मानकात आहे, पण एसएमएसलाही टॉवर लागतोच. रेंज नसताना डबा गाडीच्या जागेच्या ४०,००० नोंदी साठवून ठेवू शकतो आणि रेंज आली की पाठवतो. गाडी कुठून कुठे गेली हे नंतर तपासायला ते उपयोगी, पण दरीत अडकलेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही. केंद्राने जुलै २०२२ मध्ये नेटवर्क नसलेल्या २४,६८० गावांसाठी फोरजीची योजना मंजूर केली, खर्च २६,३१६ कोटी. टॉवर गावाला मिळाला तरी घाटाच्या वळणावर रेंज येईलच असं नाही. आपल्या जिल्ह्यात मागणी करताना ‘गावात टॉवर द्या’ सोबत ‘घाटरस्त्याला रेंज द्या’ हेही म्हणावं लागेल.

स्वतःच्या कारमध्ये एसओएस बटण असेल तर

खासगी कारला भारतात अशी सक्ती नाही. पण २०१९ पासून ह्युंदाई व्हेन्यू, एमजी हेक्टर, किया सेल्टॉस अशा गाड्यांतून आरशाजवळ किंवा छताला एसओएसची सोय येऊ लागली. आता गावागावात सेकंडहँड बाजारात या गाड्या दिसतात. इथे साखळी वेगळी आहे. हा कॉल सहसा आधी कंपनीच्या केंद्रात जातो. सुरुवातीची काही वर्षं सेवा मोफत, पुढे पैसे भरून चालू ठेवावी लागते. जुनी गाडी घेताना ही सेवा पहिल्या मालकाच्या नावावर असते किंवा संपलेली असते. म्हणजे बटण चकचकीत, आतून रिकामं. व्यवहार करतानाच सेवा आपल्या नावावर करून घ्या.

अनेक गाड्यांत एसओएसजवळ बारीक दिवा असतो. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे यंत्रणेत दोष. लाल दिवा दिसला की बटणच खराब असेल असं नाही. आतली छोटी बॅटरी, माईक, स्पीकर, अँटेना यातलं काहीही असू शकतं. गाडीची मोठी बॅटरी बदलल्यावर लगेच दिवा लाल झाला तर आधी थोडा वेळ गाडी चालवून बघा, मग शोरूमला जा. एक इशारा लक्षात ठेवा : या यंत्रणेचं नातं अनेकदा एअरबॅगशी असतं. पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले तर गावातल्या इलेक्ट्रिशियनने त्यात मीटर खुपसू नये. एअरबॅग फुटली तर तोंडावर येते.

शेवटच्या कडीचं काय?

वायर, सिम, सर्व्हर सगळं चालू आहे असं धरू. शेवटी माणूस उठला पाहिजे. सातपुडा तापी परिसर साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की पुरुषोत्तमनगरच्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, बैलगाड्या आणि मजुरांच्या गाड्या यांची रात्रंदिवस रीघ लागते. सारंगखेड्याच्या यात्रेत तर विचारायला नको. अशा काळात बटणाचा संदेश आला तर शहादा ठाण्याची गाडी किती मिनिटांत पोहोचते, हे प्रशासनाने मोजलं पाहिजे. आणि खोट्या अलर्टचा ढीग साचला की कर्मचारी खऱ्या अलर्टलाही खोटा समजू लागतो. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण शाळेत शिकलोय. म्हणून खराब बटण दुरुस्त करणं हे फक्त त्या गाडीच्या प्रवाशासाठी नसतं, दुसऱ्या गाडीतल्या मुलीचा संदेश कुणीतरी गांभीर्याने घ्यावा यासाठीही असतं.

यावर तीन गोष्टी सहज करता येतील. एक, पासिंगच्या वेळी कागद बघण्यासोबत आरटीओने प्रत्येक बटण दाबून स्क्रीनवर अलर्ट आलेला बघावा. गाडीमागे पाच मिनिटं लागतील. जोड मारलेली गाडी तिथेच पकडली जाईल. दोन, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. तिच्या बैठकीत किती बटणं दाबली गेली, किती अलर्ट खरे निघाले आणि मदत किती वेळात पोहोचली, हे आकडे मांडावेत आणि लोकांसमोर ठेवावेत. तीन, तालुक्यातल्या गॅरेजवाल्यांना एक दिवसाचं प्रशिक्षण द्यावं. उलट्या बटणाचा हिशेब एकदा समजला की कुणी जाणूनबुजून जोड मारणार नाही.

प्रवाशाने काय करावं?

गाडीत बसल्यावर बटण कुठे आहे ते बघून ठेवा. चालकाला सरळ विचारा, ‘दादा, हे चालू आहे का?’ चांगला चालक रागावत नाही. रोजच्या गाडीने मुलं-मुली शाळा-कॉलेजला जात असतील तर पालकांनी मिळून मालकाकडे चाचणीचा स्क्रीनशॉट मागावा. एकट्याने मागितलं तर टाळतात, दहा जणांनी मागितलं तर दाखवतात.

आणि बटणावर एकट्यावर विसंबू नका. ११२ हा क्रमांक घरातल्या सगळ्यांना पाठ हवा. रुग्णवाहिकेसाठी १०८, लहान मुलांसाठी १०९८. अनेक अँड्रॉइड फोनवर पॉवर बटण झटपट पाच वेळा दाबलं की आपत्कालीन कॉल लागतो, पण ती सोय सेटिंगमध्ये जाऊन आधी चालू करावी लागते. साध्या बटणाच्या फोनवर ५ किंवा ९ हा आकडा दाबून धरायची सोय दिलेली असते. आपल्या सिमला रेंज नसली तरी तिथे दुसऱ्या कंपनीचा टॉवर असेल तर ११२ लागू शकतो, म्हणून ‘नो सर्व्हिस’ दिसलं तरी एकदा प्रयत्न करा. खेतियाकडे किंवा गुजरातच्या हद्दीजवळ फोन शेजारच्या राज्याचा टॉवर पकडतो आणि कॉल तिकडच्या केंद्रात जाऊ शकतो. अशा वेळी पहिल्याच वाक्यात सांगा : महाराष्ट्र, नंदुरबार जिल्हा, तालुका अमुक, गाव अमुक.

गाडीमालकांनो, महिन्यातला एक दिवस ठरवा. हप्ता भरायचा असतो त्याच दिवशी करा, म्हणजे विसरणार नाही. डीलरला फोन लावा, एकेक बटण दाबा, अलर्ट आला का विचारा. आला नाही तर गाडी इलेक्ट्रिशियनकडे न्या आणि त्याला सांगा, नवीन बटण टाक, तार बदल, पैसे घे. फक्त जोड मारू नकोस.